बिनदिंडीची भिंत

भिंतीत दार ठेवू नका, असं मी म्हणालो होतो. सभेच्या इतिवृत्तात ते माझ्या नावासकट लिहिलेलं आहे, आणि खाली सहीही माझीच, कारण त्या वर्षी सोसायटीचा सचिव मीच होतो. आता तिथे एक छोटं दार आहे. पण ते दीड वर्ष उशिरा झालं, आणि त्या दीड वर्षात जे झालं त्याला मी जबाबदार आहे.

आम्ही वाघोलीत राहायला आलो तेव्हा इमारतींच्या मागे नुसतं तारेचं कुंपण होतं, जागोजागी वाकलेलं. पलीकडे जुनी वस्ती, पंधरा-वीस घरं. तिथल्या बायका तारेखालून वाकून आमच्या आवारातून मोठ्या रस्त्याला लागत. मग आमच्याकडची एक सायकल गेली. पाठोपाठ तळमजल्यावरच्या एका घराची गॅसची टाकी गेली, आणि भिंतीचा विषय सभेत आला.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. "सर, तुम्ही सांगा, पूर्वी कसं करायचे," असं कुणीतरी म्हणालं आणि मी सुरू झालो. तट, बुरूज, खंदक, शनिवारवाड्याच्या दारावरचे हत्तीला अडवणारे खिळे. वर्गात कधी मिळत नाही अशी शांतता होती. शेवटी हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण म्हणाला, "सर, एक छोटं गेट ठेवू या ना. त्या लोकांचा शॉर्टकट आहे तो."

"ठेवा की," आमच्यातले एक निवृत्त अधिकारी म्हणाले. "वर पाटीही लावा. चोरांनी चपला बाहेर काढून आत यावे."

सगळे हसले. त्या हशातच मी म्हणालो, "चोरदरवाजा ही तटाची सगळ्यात दुबळी जागा असते. दार नको."

हा अर्धा इतिहास होता. उरलेला अर्धा मला पाठ होता, मी तो सांगितला नाही. आपले किती किल्ले तोफेनं पडले आणि किती आतल्या माणसानं दार उघडल्यामुळे गेले, हे मी दर वर्षी मुलांना शिकवतो. चीनच्या त्या लांबलचक भिंतीचा दरवाजाही शेवटी आतल्याच सेनापतीनं उघडला. खिळ्यांच्या त्या दारामागे पेशव्याचा खून झाला तो वाड्याच्याच पहारेकऱ्यांच्या हातून. आणि मोठ्या दरवाजात एक दिंडी असतेच, एका माणसानं वाकून आत यावं एवढी. ज्यांनी आयुष्यभर तट बांधले, त्यांनाही ती ठेवावीशी वाटली होती.

भिंत सात फुटी झाली, वर काचांचे तुकडे. माझं घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून भिंत दहा पावलांवर. तिच्या आतल्या कोपऱ्यात, कडुनिंबाखाली, गुडघाभर उंचीचा एक शेंदूर फासलेला धोंडा होता. तो कुणाचा, हे मीही विचारलं नाही.

माझं कॉलेज सकाळचं. दुपारी बाराला मी घरी जेवायला बसतो. भिंत झाल्यावर काही महिन्यांनी एका अमावास्येला, जेवताना, तो आवाज पहिल्यांदा माझ्या लक्षात आला. काहीतरी धातूचं भिंतीवर घासत येत होतं, सावकाश, एका लयीत. धोंड्याच्या समोर आल्यावर ते थांबलं. तीनदा टकटक झाली. मग बराच वेळ काही नाही. बाहेर रणरणतं ऊन, झाडाचं पानही हलत नव्हतं. मग काहीतरी मऊ पडल्यासारखं झालं, आणि ते घासणं आल्या वाटेनं परत गेलं.

मी बाहेर जाऊन पाहिलं. धोंड्यापुढे पानात बांधलेला दहीभात पडला होता, फुटलेला, वर कुंकू.

पुढच्या अमावास्येला तेच. सोसायटीच्या ग्रुपवर 'करणी' हा शब्द आला, आणि लोकांनी मुलांना मागच्या बाजूला खेळायला पाठवणं बंद केलं. तारेचं कुंपण होतं तेव्हा असली भीती कुणाला वाटली नव्हती. बायको म्हणाली, "अहो, पलीकडे कुणीतरी आहे, एवढंच. जाऊन बघा की एकदा." मी गेलो नाही. आम्ही कॅमेरा बसवला.

त्यातलं चित्रण पाहायला सोसायटीच्या ऑफिसात आम्ही पाच जण होतो. उन्हात पांढरी पडलेली भिंत. मग काचांच्या मधून चार बोटं वर आली आणि तशीच राहिली. मग पानाची पुडी वर आली, आत पडली. बोटं खाली गेली.

"पंचांग मात्र चांगलं दिसतंय घरी," निवृत्त अधिकारी म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

भिंतीच्या माथ्यावर लालसर ओघळ होता. वॉचमन पुसायला तयार होईना. "साहेब, करणीचं कुंकू हाय ते. मी न्हाय हात लावणार." शेवटी मी स्टुलावर चढलो. कुंकू ओल्या फडक्याला लगेच लागतं. हे काचेच्या धारेवर वाळून तपकिरी झालं होतं, नखानं खरवडावं लागलं.

खाली उतरून मी सगळ्यांना सांगितलं, "कुंकूच होतं."

रक्त म्हटलं असतं, तर हात माणसाचा ठरला असता. मग तो कुणाचा, कशासाठी, हे विचारावं लागलं असतं, आणि विचारत गेलं की दारापाशी पोचायला वेळ लागला नसता. मधल्या काळात टाकी नेणारा आमच्याच शेजारच्या इमारतीतला निघाला, तेव्हाही मी गप्प राहिलो.

त्यानंतरच्या अमावास्येला आवाज आला, धोंड्यापाशी थांबला. टकटक झाली नाही. पुडी पडली नाही. मी ताटावरून उठलो, भिंतीशी गेलो, तळहात टेकवला. बाकी भिंत तव्यासारखी तापलेली. हाताखालची तेवढी जागा गार होती. "माफ करा," मी पुटपुटलो. तो आवाज परत गेला नाही.

मी स्कूटर काढली. एका विटेच्या जाडीपलीकडे जायला नगर रस्त्यावरच्या ट्रकांमधून वीस मिनिटं लागली. भिंतीच्या त्या बाजूला विटांची एक चळत होती, आमच्याच भिंतीच्या उरलेल्या विटा. त्यांच्यावर पाचोळा साचला होता. कित्येक दिवसांत त्यावर कुणी पाय ठेवला नव्हता.

जवळच्या घरापुढे एक बाई भांडी घासत होती. मी कुठून आलो ते सांगितलं.

"सापडली म्हणायची वाट तुम्हास्नी," ती म्हणाली, आणि मानेनंच आत जायला खुणावलं. "आत्याबाई हायेत आत. उठू नका म्हणावं, तुम्ही गेला की मलाच बघाया लागतंय."

तिची सासू खाटेवर होती. एवढीशी म्हातारी, नजर अधू, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. आठ दिवस ताप होता. काचेची जखम चिघळली, हात सुजला, आणि मनगटातला चांदीचा गोठ कापून काढावा लागला. त्याचे दोन तुकडे कोनाड्यात ठेवले होते. नीट दिसत नसल्यानं ती हात भिंतीला लावून चालायची आणि गोठ घासत जायचा.

"आज बाराला भिंतीकडे कोण गेलं होतं?" मी विचारलं.

"कोण जाणार?" सून दारातून म्हणाली. "इथं येळ कुणाला हाय?"

म्हातारी माझ्या आवाजाच्या दिशेनं वळली. "आजचा भात ऱ्हायला. लगीन होऊन आले तवापासनं एक आवस चुकली नव्हती." तो धोंडा म्हणजे गावाची शीव, आणि भात घालण्याचा मान त्यांच्या घराचा. "भाईर जे फिरतंय ते शिवंवर जेवून जातंय. उपाशी ऱ्हायलं की घरात शिरतंय."

"पण भिंत झाल्यावरही तुम्ही…"

"तुमची घरं धोंड्याच्या भाईर हायेत, बाबा. जे फिरतंय ते तुमच्यातच फिरतंय. आमच्याकडं भिंत हाय आता. तुमच्याकडं ल्हान पोरं हायेत, म्हून टाकत होते."

मला ती गार जागा आठवली. आवाज भिंतीच्या कुठल्या बाजूनं येत होता, हे मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

"आज तेवढा पोचवाल का?" ती म्हणाली. सुनेनं भात कालवायला घेतला. म्हातारीच्या पट्टीबाहेर आलेल्या बोटांकडे मी बघत होतो. ती आजही पूर्ण मिटत नाहीत.

भाताची पुडी हातात आली तरी माझा पाय निघेना. मी खाटेशी जमिनीवर बसलो.

"आजी, तिथं दार नको, असं मीच म्हणालो होतो. तुमचं रक्त पुसून त्याला कुंकू म्हणणाराही मीच. मला माहीत होतं. मला माफ करा."