कारणाचा रकाना

डिंकाच्या बाटलीचं बूच उघडलं की तो आंबूस वास येतो आणि मला पनवेलच्या कचेरीतला एक तक्ता आठवतो. नव्वदच्या सुमारास, पावसाळा सरताना, डोंगरातल्या दरडींची नोंद करायला मला पाठवलं होतं. एकाच खोऱ्यात तीन दरडी आल्या होत्या. तिन्हींपुढे 'अतिवृष्टी' लिहून मी मोकळी झाले. वाट दाखवायला आलेल्या वाडीवरच्या बाईने विचारलं, "काय लिवलंस, बाय?" मी सांगितलं. ती हसली. "पाऊस तं सगलीकडं सारकाच पडला. मंग सगला डोंगर का नाय आला खाली?" तिने मला चिखलातून पुन्हा तिन्ही दरडींपाशी फिरवलं. वर कड्याखालच्या भेगेत पाणी मुरलं होतं, मध्ये रस्त्यासाठी उतार उभा कापला होता, तळाशी ओढ्याने पायथा खाल्ला होता. आणि नेमकं त्या ओढ्याच्या दरडीवरच तिचं घर होतं. कचेरीत तक्त्यातला कारणाचा रकाना निघाला बोटभर, म्हणून मी डिंकाने कागदाची पट्टी जोडली. साहेब चिडले, "सगळ्यांना एक शब्द पुरतो, तुम्हालाच पट्टी का लागते?" मी म्हटलं, "साहेब, पाऊस लिहिला तर आपल्या हातात काहीच उरत नाही. ओढा लिहिला तर भिंत बांधता येते." पट्टीसकट तक्ता वर गेला, आणि पुढच्या पावसाआधी दगडी भिंत उभी राहिली. नोकरीत पुढे पुष्कळ मोठी कामं केली, पण परवा मुद्दाम पाहायला गेले ती हीच भिंत. शेवाळ चढलंय, दगड एकही हललेला नाही, आणि वर तिच्या सुनेने अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या.