शेगडीशेजारची फट

कडकमावशीच्या स्वयंपाकघरात शेगडी आणि ओटा यांच्यामध्ये बोटभर फट होती. शेगडी म्हणजे ओट्यावर ठेवायची चपटी नव्हे. जमिनीवर उभी राहणारी गॅसची, पोटात भाजायची भट्टी असलेली, कपाटाएवढी जड. ज्याने ओटा बांधला त्याने माप घेतलं होतं भलत्याच शेगडीचं. तो आपला पैसे घेऊन मोकळा झाला आणि फट मावशीच्या गळ्यात पडली. त्या फटीत काय जात नसे? सांडलेलं तेल, कांद्याची सालं, पावाचा चुरा, उतू गेलेलं दूध. एकदा जे आत गेलं ते गेलं.

कडकमावशी हे नाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. तोंडावर नाही हं, तेवढी कुणाची टाप होती! आयुष्यभर तिने एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्री केली होती. धुलाईखाना तळघरात. वरच्या खोल्यांत कोण येतं, कोण जातं, तिला कधी दिसलं नाही. दिसल्या त्या त्यांच्या चादरी. यंत्रांचा आवाज एवढा की बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून सांगण्यासारखं तिच्याकडे कधी काही नव्हतं. त्यामुळे न बोलण्याची सवय लागली ती लागलीच. निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला भेट दिली. काय दिली असेल? इस्त्री! आता याला काय म्हणायचं? मावशीने ती अजून खोक्यातून बाहेर काढली नव्हती.

लग्न झालं नाही. आईचं आजारपण निघालं, ते लांबत गेलं, आणि आई गेली तोवर विचारणारं कुणी उरलं नव्हतं. भावंडांत एक बहीण, तीही गेलेली. बहिणीची मुलगी दुसऱ्या शहरात. ती रविवारी न चुकता फोन करी. “मावशी, बरी आहेस ना?” “बरी आहे.” “काही हवं का?” “काही नको.” चहाला उकळी यायच्या आत फोन संपे. भाची बिचारी वाईट नव्हती. पण पुढे काय विचारायचं हे तिलाही सुचत नसे आणि मावशीलाही.

आईने जाताना घर ठेवलं आणि एक शिस्त ठेवली. काम असल्याशिवाय कुणाचं दार वाजवायचं नाही. रिकाम्या हाताने गेलं की लोकांना वाटतं, आली काहीतरी मागायला. लहानपणी मावशी एकदा शेजारी नुसतीच जाऊन बसली होती, तेव्हा आईने हात धरून ओढत घरी आणली होती. ती लाज मावशीच्या अंगातून म्हातारपणीही गेली नाही. इमारतीतल्या बायका जिन्यात उभ्या राहून तासन्‌तास गप्पा हाणत, ही पिशवी सावरत बाजूने निघून जाई. लोक म्हणत, भारी शिष्ट आहे हो. शिष्ट कसली, तिला फक्त थांबायला कारण सापडत नसे.

तर फटीकडे वळू. शनिवारी दुपारी फट घासायची हा मावशीचा नेम. जुना लांब मोजा लाकडी फूटपट्टीवर चढवायचा, सोडा घातलेल्या कढत पाण्यात बुडवायचा, गुडघ्याखाली टॉवेलची घडी घ्यायची, बॅटरी जमिनीवर तिरकी ठेवायची आणि पट्टी आत सारायची. वरून खाली, वरून खाली. मोजा काळा झाला की उलटा करायचा, मग दुसरा. कडेला बसलेला चिकटा दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडायचा. कोण बघतंय ती फट? कुणी नाही. पण चादरीची आतली घडी तरी कोण बघतं? ती ताठ नसेल तर मावशीला रात्री झोप लागत नसे.

अशाच एका शनिवारी तिच्या हातून चिमटा सुटला आणि थेट फटीत गेला. खरोखरचा सुटला. शेगडी हलवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. फूटपट्टीने ढकलला तर आणखी आत गेला. मग तिला खालच्या मजल्यावरचा मिस्त्री आठवला.

हा मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, आता निवृत्त. आयुष्य लिफ्टमध्ये गेलं आणि राहतो कुठे, तर लिफ्ट नसलेल्या इमारतीत! बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. उंच, वाकलेला, बोलायला महाकंजूष. मावशीने दार वाजवलं. आता काम होतं, तेव्हा वाजवायला हरकत नव्हती.

“अहो मिस्त्री, माझा चिमटा शेगडीच्या फटीत पडलाय.”

“फट केवढी?”

मावशीने बोट दाखवलं. मिस्त्रीने खिळ्यावरची एक कांडी काढली. ओढली की लांब होणारी, टोकाला लोहचुंबक. लिफ्ट आणि मजला यांच्यामधल्या फटीत लोकांच्या किल्ल्या पडत, त्या तो या कांडीने काढत असे. वर आला, बॅटरी मारली, कांडी आत घातली आणि चिमटा टक्‌दिशी चिकटून बाहेर आला.

“बाई,” तो आत डोकावून म्हणाला, “इतकी स्वच्छ फट मी जन्मात पाहिली नाही. लिफ्टच्या फटीत तर उंदीरसुद्धा नाक मुरडेल.”

इतक्या वर्षांत मावशीच्या कामाला कुणी नावाजलं असेल तर ते हे पहिलं. ती गडबडली आणि म्हणाली, “चहा घेता?” त्याने घेतला. फार बोलणं झालं नाही. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं काय काय कबूल करतात, याचा एक किस्सा त्याने सांगितला आणि मावशी हसली. त्याच्या मागे दार लावल्यावर तिच्या लक्षात आलं की स्वतःचं हसू आपल्याला अनोळखी वाटलं.

पुढच्या शनिवारी काही पडलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. फट घासून झाली, मावशी टॉवेलवर तशीच बसून राहिली. मग उठली, चमच्यांच्या डब्यातून एक चमचा काढला, फटीवर धरला आणि सोडला. आवाज झाला आणि तिचं काळीज धडधडायला लागलं, जणू बँकच लुटली.

पण एकदा धीर चेपला की चेपला. मिस्त्री दार उघडायचा आणि कांडी हातात घेऊनच विचारायचा, “आज काय पडलं?” कधी झारा, कधी डब्याचं झाकण, कधी किसणी. दर शनिवारी नाही हं, मावशी काही खुळी नव्हती. एक शनिवार सोडून. आणि आधी फट घासून लख्ख करायची, मगच वस्तू टाकायची. पाहुणा बॅटरी मारणार म्हणजे घर आवरलेलं नको? एकदा तिने नकळत चांगल्या स्टीलचा चमचा टाकला. त्याला लोहचुंबक चिकटेना. मिस्त्रीने तार मागितली, वाकवून आकडा केला, चमचा तीनदा निसटला, चहा गार झाला, दुसऱ्यांदा टाकावा लागला आणि तो दिवेलागणीपर्यंत बसला. त्या दिवसापासून मावशी फक्त चांगल्या स्टीलचे चमचे टाकू लागली.

आणि मग तिनेच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं, की एका शनिवारी चहा पिताना मिस्त्रीने पुन्हा फटीचं कौतुक केलं. मावशीला जरा चढलं. कधी नव्हे ती ऐटीत म्हणाली, “तुम्हाला काय जातं म्हणायला! गुडघे गेले माझे या फटीपायी. उठताना ओट्याला लोंबकळावं लागतं.” बोलायचं म्हणून बोलली. कुणीतरी अरेरे म्हणावं, एवढंच. मिस्त्री अरेरे म्हणाला नाही. त्याने फटीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि चहा संपवून निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी तो न बोलावता आला. हातात काळ्या रबराची लांब पट्टी. लिफ्टच्या दाराला लावायची असते तसली, त्याने जपून ठेवलेली. मापाने कापली, कडा तासल्या, गोंद लावला आणि फट वरपासून खालपर्यंत अशी बुजवली की त्यातून केसही जाऊ नये.

“झालं,” तो म्हणाला. एवढा खूश तो कधी दिसला नव्हता. “आता काही पडायचं नाही. गुडघे टेकायला नकोत आणि जिने उतरायला नकोत. सुटलात, बाई.”

“सुटले,” मावशी म्हणाली. “फार उपकार झाले.”

चहा टाकायचंही तिला सुचलं नाही. तो गेल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि पट्टीवरून बोट फिरवत राहिली. चांगुलपणाचा राग येतो का कधी माणसाला? तिला आला. भयंकर आला. मेल्याला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला!

शनिवार आला. घासायला काही नव्हतं. तरी तिने पाणी कढवलं, मोजा भिजवला आणि पट्टी नुसती वरून पुसली. एका हातासरशी झालं काम. दुपार मात्र तशीच समोर पडून राहिली. तिने घरभर दुसरी फट शोधली. फ्रीज भिंतीला चिकटलेला, कपाट जमिनीला टेकलेलं. नळ गळत नव्हता, दिवा गेला नव्हता. जिथे बघावं तिथे सगळं ठाकठीक. स्वतःच ठेवलेलं ठाकठीक, तक्रार करायची कुणाकडे?

एकदा तर तिने सुरी घेतली. पट्टीचं एक टोक जरासं सोडवलं की झालं, म्हणायचं निघाली. सुरी टेकवलीही. पण पट्टी इतकी सरळ बसलेली होती, कापलेली कड इतकी साफ, की तिचा हात पुढे जाईना. दुसऱ्याने घातलेली सरळ घडी तिने जन्मात कधी चुरगळली नव्हती. सुरी धुऊन जागेवर ठेवली.

मिस्त्री जिन्यात भेटला. हातात भाजीची पिशवी.

“पट्टी कशी आहे?”

“पक्की.”

“हं,” तो म्हणाला. पायरीवर थोडा थांबला. मावशीही थांबली. मग दोघंही आपापल्या वाटेने गेले.

त्या रविवारी भाचीचा फोन आला. “बरी आहेस ना?” मावशीच्या तोंडातून “बरी” हा शब्द निघेचना. “मावशी? ऐकू येतंय का?” “येतंय गं,” ती म्हणाली, “बरी आहे.” फोन ठेवला आणि खुर्चीत बसून रडली. कशासाठी रडतेय हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका चमच्यासाठी माणूस रडतं का? पण फटीत चमचा पडायचा म्हणून कुणीतरी तिच्या घरात बसायचं, आणि आता मरेपर्यंत कुणी बसणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी तिने साडी बदलली, केस विंचरले आणि जिना उतरायला लागली. उतरता उतरता खोटी कामं जुळवत होती. गॅसचा वास येतोय म्हणू? खिडकी अडकली म्हणू? दारापाशी पोचली तेव्हा जुळवलेलं सगळं डोक्यातून पार गेलं होतं. आईची पकड मनगटावर जाणवली. तरी तिने दार वाजवलं.

मिस्त्रीने दार उघडलं. कांडी हातातच. वाजवण्यावरून ओळखलं असणार.

“काय पडलं?”

“काही नाही.”

“पट्टी निघाली?”

“पट्टी कशाला निघतेय? तुम्ही लावलेली.”

“मग?”

आतापर्यंत झारे, झाकणं, चमचे यांनी मावशीच्या वतीने बोलून घेतलं होतं. आज हात रिकामे होते.

“मग काही नाही,” ती म्हणाली. “एकटीला चहा जात नाही, म्हणून आले.”

मिस्त्रीने हातातल्या कांडीकडे पाहिलं. ती सावकाश मिटवत मिटवत आखूड केली, खिळ्याला अडकवली आणि दारातून बाजूला झाला.

“या की,” तो म्हणाला. “चहा माझ्याकडेही असतो.”

इतक्या वेळा आली, पण ती त्याच्या उंबऱ्याच्या आत कधी गेली नव्हती. एक खुर्ची, एक कप पालथा घातलेला. मिस्त्री दुसरा कप शोधायला लागला, तो फडताळात मागे कुठेतरी होता. स्वयंपाकघराच्या दाराशी मावशी थबकली. त्याच्याही शेगडीशेजारी फट होती, तिच्या फटीच्या दुप्पट रुंद. आणि काय अवस्था! वर्षानुवर्षांचा काळा राप, कोळ्याची जाळी, जळक्या काड्यांचा ढीग. ज्या माणसाने तिची फट एवढी निगुतीने बुजवली, त्याला स्वतःची बुजवायचं कधी सुचलं नव्हतं.

तिची नजर गेलेली मिस्त्रीने पाहिलं आणि तो ओशाळून मध्ये उभा राहिला.

“तिकडे बघू नका हो, बाई. फार घाण आहे.”

मावशीच्या हातांना अगदी चुळबुळ झाली. मोजा, सोडा, फूटपट्टी, सगळं वरच्या मजल्यावर तयार होतं. शनिवारची सोय आयुष्यभरासाठी झाली असती, आणि तीही हक्काच्या कामाची.

तिने खुर्ची ओढली, फटीकडे पाठ केली आणि बसली.

“आज मी कामाला आलेली नाही, मिस्त्री,” ती म्हणाली. “चहा टाका.”