काट्यातला सेल

माझा नवरा तलावातली मासळी आरमोरीच्या बाजारात विकतो. मासे तोलायच्या त्याच्या हातकाट्यात रुपयाएवढा चपटा सेल लागतो. त्या सकाळी नवा सेल मीच बसवला. जुना मेलेला होता, म्हणून दीड वर्षाच्या लेकीला खेळायला दिला.

"थे खेळणं नोहोय वं, फेकून दे," सासूबाई म्हणाल्या. मला भांडी घासायची होती आणि पोर चकचकीत वस्तूवर गप्प बसली होती. अक्कल गहाण ठेवली मी.

थोड्या वेळाने बघते तर तिच्या तोंडातून लाळेची धार, आणि मूठ रिकामी. सासूबाई धावत आल्या. "पोरीनं का गिळलं वं?"

"रुपया असन," मी म्हणाले. त्यांचं ऐकलं नाही, हे कबूल करायला जीभ रेटेना.

रुपया म्हटल्यावर घर निवांत झालं. नवऱ्यानेही लहानपणी रुपया गिळला होता आणि केळी खाऊन तो बाहेर आला होता, ही गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगतात. सासूबाई केळं कुस्करून भरवत होत्या आणि पोर प्रत्येक घास ओकत होती. आपणच दार लावून घ्यावं आणि मग कडी सापडू नये, तसं मला झालं होतं. मेलेला सेल काय करणार, असं स्वतःला समजावत मी दुपार केली.

दुपारी तिला पाणीही गिळवेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या फोटोत छातीच्या वरच्या बाजूला पांढरं गोल दिसत होतं.

"नक्की नाणंच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाणंच हाय साहेब. सून सांगून राह्यली नं," सासूबाई म्हणाल्या.

"मग रात्रीपर्यंत नागपूरला नेलं तरी चालेल. बॅटरी असती तर एक तासही थांबता आलं नसतं. ती आतून जाळत जाते, मेलेली असली तरी."

एका बाजूला सासूबाई, दुसरीकडे नवरा, मध्ये मी. मांडीवरच्या पोरीच्या लाळेत रक्ताची लाल तार दिसली. मी भयंकर घाबरले.

"सेल हाय साहेब. सकाळचा. मीच देल्ला तिले."

सासूबाईंनी पोर माझ्या मांडीवरून उचलून घेतली. डॉक्टर तोवर गाडीसाठी फोन लावत होते. नागपूरला दुर्बीण घालून सेल काढला. लवकर आणलं असतं तर एवढी जखम झाली नसती, असं तिथे सांगितलं.

लेक आता पाच वर्षांची आहे. अन्ननळी आवळली आहे, त्यामुळे प्रत्येक घासाला तिला पाणी लागतं. कुणी विचारलं की माझ्या आधी सासूबाईच सांगतात, "लहानपणी रुपया गिळला होता तिनं." त्या मला सांभाळून घेतात, आणि मी मान खाली घालून पेला भरते.

परवा शेजारणीने विचारलं, "काऊन वं, पोरगी इतकं पाणी पेते?" सासूबाईंनी ठरलेलं उत्तर दिलं. शेजारणीच्या कडेवर तिचं बाळ होतं आणि ते जत्रेतलं सेलवर लुकलुकणारं खेळणं चावत होतं.

मी पेला खाली ठेवला.

"रुपया नोहोता बाई," मी म्हटलं. "सेल होता. आन् मीच देल्ला होता."