बिसुन रेफरीने पाहिलेली लाथ

त्या शनिवारी फिजीतल्या वुनिसेई गावातली दुकानं दुपारीच बंद झाली. इनोके गावासाठी दोनशेवा फुटबॉल सामना खेळणार होता. मध्ये तो जास्त पैशांसाठी राजधानी सुवाच्या संघात गेला होता, तेव्हा गावातल्या पोरांनी त्याचा शर्ट बसस्टँडवर जाळला होता आणि त्याच्या आईच्या अंगणात कोंबड्यांची घाण फेकली होती. आज तीच पोरं त्याच्या नावाचे काळे शर्ट घालून ढोलकीवर नाचत होती.

बिसुनदेवला यायचं नव्हतं. साखर कारखान्याची उसाची रेल्वे चालवण्यात त्याची हयात गेली होती, पण गाव त्याला 'बिसुन रेफरी' म्हणूनच ओळखत होतं, आणि त्या नावाचंच त्याला दुखणं होतं. चौदा वर्षांत त्याने मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी कमिटीचा रहमत स्वतः घरी येऊन बसला, यंगोनाच्या मुळांचं पेय तीन वाट्या प्याला आणि उठेचना.

"चाचा, तुम्ही नसाल तर इनोके रुसेल," तो म्हणाला.

"रुसू दे."

"अहो, चला की," बिसुनची बायको सुभागवती म्हणाली. "एवढं पायरीशी येऊन बोलावतोय माणूस."

म्हणून तो तिला घेऊन आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो पुढच्या रांगेत बसला.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. कपाची फायनल याच मैदानावर, समोर नाइलोवा गावाचा संघ. सुवाहून येणारा रेफरी पुलावर पाणी आल्यामुळे अडकला. मग कुणीतरी म्हणालं, शिटी बिसुनला द्या. तो वुनिसेईचाच, पण नाइलोवावालेही लगेच तयार झाले. त्यांचा कॅप्टन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बिसुनभाई सख्ख्या भावालाही लाल कार्ड दाखवेल. आम्हाला चालेल." आयुष्यात बिसुनला याहून मोठा मान मिळाला नव्हता.

सामना संपत आला तरी बरोबरी होती. इनोके चेंडू घेऊन गोलपाशी घुसला, नाइलोवाचा मुनसामी आडवा आला आणि इनोके किंचाळत कोसळला. बिसुनने लाथ पाहिली. म्हणजे त्याला तसं वाटलं. त्याने पेनल्टी दिली आणि मुनसामीला बाहेर काढलं. त्या गोलावर वुनिसेईने कप नेला.

नाइलोवात बोंब झाली, रेफरीने आपल्या गावाला कप विकला. चौकशी बसली. बिसुनला म्हणाले, चूक झाली असं लिहून दे, प्रकरण मिटेल. तो म्हणाला, "चूक झालीच नाही तर काय लिहू? लाथ लागली होती." इनोकेनेही तेच सांगितलं. बिसुनची शिटी गेली ती कायमची. नाइलोवाच्या शेतांमधून त्याची गाडी जायची तेव्हा पोरं इंजिनावर उसाची कांडकी फेकायची, "चोर, चोर" म्हणून ओरडायची.

ते त्याने सोसलं. वुनिसेईतलं प्रेम मात्र त्याला सोसवलं नाही. खाटीक दोन तुकडे जास्त टाकायचा. लग्नात पहिल्या पंगतीला हाताला धरून बसवायचे. "काय काका, कमाल केलीत! गावासाठी एवढं कोण करतं!"

"अरे, लाथ लागली होती. मी डोळ्यांनी पाहिली."

"हो हो, लागली होती," म्हणत समोरचा डोळा मिचकावायचा.

जग काहीही म्हणो, आपण खरं बोललो, एवढ्यावर तो जगला.

आता मैदानात उभारलेल्या स्टेजवर सामन्याआधीचे सत्कार चालले होते. इनोकेच्या गळ्यात कानापर्यंत सालूसालूच्या फुलमाळा चढल्या होत्या. अडतिशी गाठलेला, गुडघ्यांना पट्ट्या, पोट जरा सुटलेलं. त्याने माईक हातात घेतला.

"आज सगळं सांगून टाकतो," तो म्हणाला. "त्या फायनलमध्ये मला कुणी हात लावला होता का? पाय लावला होता का?"

"नाही!" गर्दीतून आवाज आला.

"मी तर वाऱ्याने पडलो!" त्याने तिथेच माईकसकट कोलांटी घेऊन दाखवली. मैदान हसून हसून लोळलं. "बिचारा मुनसामी, हातभर लांब होता! पण कप आला की नाही? आणि अर्धा कप कुणाचा? आपल्या बिसुनकाकांचा! काका, या वर!"

बिसुन जागचा हलला नाही. रहमतने आणि आणखी एकाने त्याला काखेत धरून वर चढवलं. इनोकेने स्वतःच्या गळ्यातली एक माळ काढून त्याला घातली आणि घट्ट मिठी मारली. त्याच्या अंगाला तेलाचा वास येत होता.

"तू माझ्या घरात बसून लाथ लागल्याची शपथ घेतली होतीस," बिसुन त्याच्या कानाशी म्हणाला. "लंगडत आला होतास. माझ्या बायकोने पायाला हळद लावली होती."

"काका, पोरगा होतो तेव्हा," इनोके हसत म्हणाला. "आणि तुम्हालाही ठाऊकच होतं की."

"मला ठाऊक नव्हतं."

इनोकेने त्याच्याकडे पाहिलं आणि क्षणभर त्याचं हसू थांबलं. मग त्याने बिसुनचा हात धरून उंच केला. लोक टाळ्या पिटत होते. बिसुनने माईककडे हात नेला, तोवर रहमतने तो आमदाराच्या हातात दिला होता.

सामना न बघताच बिसुन आणि सुभागवती घरी निघाली. 

"तू हळद लावलीस तेव्हा सूज होती ना गं?" त्याने विचारलं.

सुभागवतीने पदर सारखा केला. "नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"चौकशीवरून आलात तेव्हा जेवत नव्हता तुम्ही. रात्रभर एकच, मी पाहिलं, मी पाहिलं. तुम्हाला काय सांगू? की काही पाहिलं नाहीत?"

तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती नंतर शेजारणीला म्हणाली.

सोमवारी सकाळी तो बसने नाइलोवाच्या बाजारात गेला. मुनसामी तिथे दालोचे, म्हणजे अळूचे, कंद विकायचा. त्या लाल कार्डानंतर त्याला संघात कुणी घेतलं नव्हतं. न्यूझीलंडच्या क्लबकडून येणारं बोलावणंही आलं नाही. केस पिकले होते. बिसुनला त्याने लांबूनच ओळखलं.

"मुनसामी, माझी चूक झाली," बिसुन म्हणाला. "त्याला लाथ लागली नव्हती."

मुनसामी कंदांची माती सुरीने खरवडत होता. "हे मला सांगायला आलात?"

"हो."

"काका, लागली नव्हती हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मी तुमच्या पाया पडून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ऊठ, नाटकं बंद कर."

"मला खरंच दिसली होती रे."

"ते आणखी वाईट," मुनसामी म्हणाला. "पैसे खाल्ले असते तर मी समजू शकलो असतो. तेव्हा दोन पोरं होती मला, पैशांची गरज कळत होती."

बिसुन उभाच राहिला. एक बाई टोपली घेऊन आली आणि भाव विचारू लागली.

"जरा बाजूला व्हा," मुनसामी त्याला म्हणाला, "गिऱ्हाईक आहे."