हायवेवरच बंद पडणारी गाडी

आमची गाडी, म्हणजे आप्पांची जुनी मोटरसायकल, गल्लीत कधीच बंद पडत नसे. लोधीपुऱ्यातल्या अरुंद बोळांतून, भाजीच्या हातगाड्या चुकवत ती शहाण्या बैलासारखी जायची. तिचा जीव जायचा तो हायवेवर. आमचं केळीचं शेत हायवेच्या पलीकडे आहे, त्यामुळे माझ्या वडिलांना, आप्पांना, रोज तो ओलांडावा लागतो. नेमकं तिथेच ती गुदमरायची, सायलेन्सरमधून फाट् फाट् बार काढायची आणि दोन्हीकडून ट्रक येत असताना गप्प व्हायची.

हे मला आप्पांनी सांगितलं नाही. शेजारच्या शेतातले काका एकदा घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "आप्पा आज रस्त्याच्या मधोमध उभे होते. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून निभावलं." आप्पा आतून ओरडले, "काही नई हो, कचरा आला असंल!" त्या दिवसापासून माझी झोप गेली.

आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. दसरा झाला आणि त्याच आठवड्यात ती गेली, हृदय बंद पडून, कुणाला काही करायची संधीही न देता. तो फोन मला शाळेत आला होता. मी नेपानगरला शिकवते, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. त्यानंतर वर्गात असताना फोन थरथरला की मी हातातला खडू टाकून बाहेर धावायची. आता कोण सांगणार, आप्पा हायवेवर... पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नसे. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. ते गेले तर त्या घराला घर तरी कसं म्हणायचं, हेच मला कळेना.

गाडी माझ्याहून वयानं मोठी आहे. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी, आणि धूर असा की शेजारीण वाळत घातलेले कपडे काढून घ्यायची. पण आप्पांचा तिच्यावर भारी जीव. लहानपणी मी पाहिलंय, कार्ब्युरेटर काढून ओट्यावर फडकं पसरून ते असे बसायचे की जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. जरा आवाज बदलला की ह्यांनी पाना घेतलाच. आणि आता तीच गाडी रोज बंद पडत होती, तर हा माणूस पान्याला हात लावत नव्हता.

मला खरी भीती ह्याचीच वाटत होती. गाडीचा बिघाड एकवेळ सापडेल, पण आप्पांचं काय? केळी कापायला आल्या होत्या. दरवर्षी ह्या दिवसांत पुढच्या लागवडीच्या रोपांवरून ते व्यापाऱ्याशी भांडत असत. यंदा त्यांनी रोपांचं नावच काढलं नाही. पुढचं काही विचारलं की "पाहू" म्हणायचे आणि उठून जायचे. मला वाटायचं, ह्यांना गाडी दुरुस्त करायचीच नाही. ट्रक आला तर येऊ दे, असं तर ह्यांच्या मनात नाही ना?

हे विचारायची माझी छाती नव्हती. मग मी दुसरं जे सुचेल ते केलं. किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. आप्पांनी टोपी घातली आणि ते पायीच निघाले. उन्हातून पायी हायवे ओलांडणार म्हटल्यावर मीच धावत जाऊन किल्ली त्यांच्या हातात दिली. आजारापेक्षा औषध जालीम, दुसरं काय!

मग गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं प्लग बदलला, पॉइंट घासले, सायलेन्सरमधला काजळीचा थर खरवडून काढला. आप्पा शेजारी स्टुलावर बसून होते. त्यानं पेट्रोलची टाकी उतरवायला हात घातला, तसे ते एकदम उठले. "टाकीले हात नको लावू. टाकी चांगली हाय." मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, म्हटलं. त्यानं गाडी गल्लीत दोन चकरा मारून आणली. "एकदम मस्त चालते दीदी. जुनी मशीन आहे, कधी कधी मूड जातो तिचा."

मूड दुसऱ्याच दिवशी पुन्हा हायवेवर गेला.

त्या रविवारी मी हट्टानं मागे बसले. म्हटलं, काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघू. गावाबाहेर येईपर्यंत सगळं ठीक होतं. हायवेच्या तोंडाशी मला आप्पांच्या पाठीचा ताठपणा जाणवला. गाडी रस्त्यावर चढली आणि तिला धाप लागली. एक झटका, दुसरा झटका, मग कानठळ्या बसवणारा बार, आणि एकदम शांतता. डावीकडून ट्रक येत होता. त्याचा हॉर्न थांबत नव्हता. मी उडी मारली आणि मागून जीव खाऊन ढकलायला लागले. आप्पा दोन्ही पाय रस्त्याला रेटत होते. ट्रक मागून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्यानं माझी ओढणी तोंडावर आली.

पलीकडच्या बाभळीखाली मी मटकन बसले. आप्पांनी गाडी स्टँडवर लावली, अगदी शांतपणे टाकीचं झाकण कडेनं धरून फिरवलं आणि आत डोकावले.

"काय बघता?"

"पेट्रोल."

"काल तर भरलंय!"

"पाहून घेतलेलं बरं ऱ्हाते." त्यांनी झाकण लावलं, किक मारली आणि गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली.

येताना पुन्हा तेच घडलं. नशीब, तेव्हा ट्रक लांब होता. पुन्हा झाकण उघडून डोकावणं, पुन्हा एका किकमध्ये सुरू. ह्या वेळी मी जवळ उभी होते. झाकण फिरलं तेव्हा 'सुस्स' असा बारीक आवाज आला, टाकीनं श्वास आत ओढल्यासारखा.

घरी येईपर्यंत तो आवाज माझ्या डोक्यात घुमत होता. नुसतं डोकावल्यानं काही पेट्रोल वाढत नाही. मग स्वयंपाकघरातला तेलाचा डबा दिसला आणि माझी ट्यूब पेटली. डब्याला एकाच कोपऱ्यात भोक पाडलं तर तेल अडखळतं आणि थांबतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडलं की धार लागते. टाकीत हवा जायची वाटच बंद झाली असणार. घरापासून काय, शेतापासून काय, हायवेपर्यंत गाडी कशीबशी येत होती, तिथे पेट्रोल उतरायचं थांबत होतं, आणि झाकण उघडलं की हवा आत जाऊन पुन्हा सुरू होत होतं.

आप्पा आत जेवत होते. मी ओट्यावर आले आणि झाकण काढून उन्हात धरलं. झाकणाच्या मधोमध बारीक भोक असतं, ते दिसेना. तिथे कुंकवाचा जाड, वाळून कडक झालेला टिळा होता, त्यात दोन-तीन अक्षता रुतलेल्या. आईचा टिळा. झाकण म्हणजे गाडीचं कपाळ, असं तिचं म्हणणं होतं, आणि दसऱ्याला ती ओलं कुंकू असं थापायची की वाटावं, गाडीचं लग्नच आहे.

मी ओढणीची सेफ्टी पिन काढली.

"नको," आप्पा म्हणाले. ते दारात उभे होते, हात खरकटा.

"आप्पा, ह्याच्यामुळेच बंद पडते गाडी. भोक बुजलंय."

"मले ठाऊक हाय."

"ठाऊक आहे? मग काढलं का नाही?"

"दरवर्षी ती लावे अन् दुसऱ्या दिवशी मी पेट्रोलच्या फडक्यानं पुसून टाकायचो. तिले कळू नई दिलं कधी." ते उंबऱ्यावर टेकले. "यंदा म्हटलं, पुसू उद्या-परवा. अन् मग..."

मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम. "आज ट्रक किती जवळून गेला! तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. मेलं रोज वाटते. हायवे आला का हातपाय गार पडतात." त्यांनी खरकट्या हातानंच टिळ्याकडे बोट दाखवलं. "पण हे पुसाची त्याच्याहून जास्ती वाटते."

मी पिन हातात धरून उभी होते. मला आईचा टिळाही हवा होता. पण मला आप्पा हवे होते, आणि ते मी मोठ्यानं म्हणाले, "मला तुम्ही पाहिजेत आप्पा." ह्या वेळी ते 'नको' म्हणाले नाहीत.

मला फक्त भोक मोकळं करायचं होतं. पिनेच्या टोकानं अगदी हलकेच टोचलं. पण इतक्या दिवसांचं वाळलेलं कुंकू ते. त्याला तडा गेला आणि सगळा टिळा पोपडा सुटावा तसा निघून आला. अक्षता ओट्यावर पडल्या. झाकण कोरं झालं. मान वर करून आप्पांकडे बघायची मला भीती वाटत होती.

ते उठले, माझ्या हातातून झाकण घेतलं, उजेडाकडे धरून भोकाला एक डोळा लावून पाहिलं आणि ते टाकीवर घट्ट बसवलं.

"पुढच्या दसऱ्याले तूच लाव," ते म्हणाले. "पण भोक सोडून."

पुढच्या दसऱ्याला. मी ते शब्द पुन्हा पुन्हा मनात म्हणत ओट्यावर बसून राहिले, आणि आप्पा हात धुवायला आत गेले.