उकाडा हा फक्त विचार आहे

लातुरातल्या क्लासवाल्यांनी हल्ली मुलांच्या मनाची निगा राखायला एकेक माणूस ठेवला आहे. माझी भाची नीटच्या तयारीसाठी ज्या क्लासला होती, तिथला हा माणूस पूर्वी विमा विकायचा. आता तो 'माइंड सर' झाला होता. कानाला माइक लावून, एसी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत त्याने आम्हा पालकांना सांगितलं, की मेंदू म्हणजे कॉम्प्युटर. घटना तुम्हाला दुःख देत नाही, घटनेबद्दलचा विचार दुःख देतो. विचार बदला, माणूस बदलतो! शेजारचे पालक माना डोलवत होते आणि माझा थोरला भाऊ, म्हणजे भाचीचा बाप, तर हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करत होता.

मी मानसशास्त्र शिकवते. नांदेडला एम.ए. केलं आणि तेव्हापासून इथल्या कॉलेजात तेच दळण दळते आहे. पुस्तकात याला बोधनिक दृष्टिकोन म्हणतात आणि त्यात जादूटोणा काही नाही. रस्त्यात ओळखीच्या बाईने आपल्याकडे बघितलं नाही, की 'हिला माज आलाय' असं वाटून आपण तोंड फिरवतो. तेच 'चष्मा विसरली असेल' असं वाटलं, तर आपणच हाक मारतो. घटना एकच, वागणं दोन तऱ्हांचं, कारण मधे विचार आहे. एवढं शिकवायला मला एक तास लागतो. दुसऱ्या तासाला मी शिकवते, की तो विचार खरा आहे का हे आधी तपासून बघायचं. माइंड सरांनी बहुधा त्या तासाला दांडी मारली होती.

भाची क्लासच्याच वसतिगृहात राहायची. माझं घर लातुरातच, पण भाऊ मुखेडला शाळेवर मास्तर आणि त्याचं आपलं एकच म्हणणं, "तुझ्याकडं लाड होतेत. तिथं वातावरण हाय." वातावरण म्हणजे गच्चीवर चढवलेली पत्र्याची खोली, दाटीवाटीने लावलेल्या खाटा, एक पंखा आणि खिळे ठोकून बंद केलेली खिडकी. मार्चमध्येच पोरगी फोनवर रडली. उकाड्याने झोप येत नाही, जेवण जात नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणाली. तिने ऑफिसात तक्रार केली, तर त्यांनी तिला माइंड सरांकडे पाठवलं. सरांनी उपाय शिकवला: कपाळाला बोट लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, 'उकाडा हा फक्त विचार आहे.' कूलरपेक्षा बोट स्वस्त पडतं, एवढा हिशेब त्या विमेवाल्या डोक्याला बरोबर जमला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या विषयावर मी उभं आयुष्य काढलं, तो या इसमाने पोरींना पत्र्याखाली गप्प बसवायला कामाला लावला होता. पण माझ्या संतापाला विचारतो कोण? तिला तिथून बाहेर काढायचं, तर भावाचं मन वळायला हवं होतं. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि हा शहाणा मला फोनवर समजावत होता.

"सर लई मोठे हैत. बघ, पोरगी आता तक्रार करून नाही राहिली. फरक पडून राहिलाय."

मला त्या फरकाचीच भीती वाटत होती.

एप्रिलमध्ये भाऊ तिला भेटायला आला. एरवी तो खाली ऑफिसातच बसायचा, तिथे एसी होता, आणि तिलाच खाली बोलवायचा. या वेळी मी पुरुषांना वर सोडत नाही म्हणणाऱ्या वसतिगृहाच्या बाईंशी भांडले आणि भर दुपारी त्याला खोलीत नेलं.

"दादा, बस जरा," मी म्हणाले. "खरं-खोटं तूच तपासून बघ."

खाटेवर बसल्या बसल्या त्याचा सदरा पाठीला चिकटला. पंखा वरची झळ खाली लोटत होता. भिंतीच्या पत्र्याला हात टेकायला गेला आणि त्याने तो झटकन मागे घेतला. तोंड पुसून पुसून रुमाल ओला झाला, तेव्हा मास्तर बोलले, "लई उकडून राहिलंय गं इथं. कसं बसावं माणसानं?"

भाची समोरच्या खाटेवर पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. ओठ फुटलेले, गालांची हाडं वर आलेली. ती उठली, तिने वडिलांचा हात धरला आणि त्यांचंच बोट त्यांच्या कपाळावर टेकवलं.

"पप्पा, डोळे मिटा," ती म्हणाली. "तसं वाटतं फक्त."

मला वाटलं, टोमणा मारला पोरीने. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर टोमणा नव्हता. ती अगदी मायेने सांगत होती, आपल्याला जमलं तसं बापालाही जमेल म्हणून.

भावाने डोळे मिटले नाहीत. खाली वाकून त्याने खाटेखालची तिची बॅग ओढली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुझ्या घरी कूलर हाय ना?"