पान न उलटता वाचलेली गोष्ट

शर्टांच्या त्या कारखान्यात मशिनं सात, पण दुपारी चालायची सहाच. सातवीवरची बाई दोन तास पुस्तक वाचून दाखवायची आणि तिच्या वाटणीच्या कॉलरी बाकीच्या सहाजणी वाटून घ्यायच्या. अकरा वर्षं हेच चाललेलं. तिला सगळ्या वाचनताई म्हणत. आवाज असा, की सुईनंही कान द्यावा.

त्यांची आवड जादूच्या कादंबऱ्यांची. काजं करणारी मावशी सगळ्यांत थोरली. अक्षराशी ओळख नाही, पण भविष्यवाल्यांवर भारी राग. "पाळण्यातल्या पोरावर राज्य वाचवायचं ओझं टाकतात मेले! त्याला कुणी विचारलं?"

त्या महिन्यात अग्निरक्षिकेची गोष्ट चालू होती. डोंगरावरची आग विझली की राज्य बुडणार, आणि ती राखणं एकाच मुलीच्या कपाळी लिहिलेलं. खाली समुद्र पसरलेला. तिचा सगळा जीव नाव वल्हवण्यात.

वाचनताईच्या पिशवीत एक पत्र होतं. दुसऱ्या शहरात, अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम. शनिवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं. तिला जायचं होतं. पण अकरा वर्षं ज्यांनी आपल्या कॉलरी शिवल्या, त्यांना सोडून कुठल्या तोंडानं जायचं?

शुक्रवारी शेवटचं प्रकरण निघालं. तिनं नजर पानावर ठेवली आणि वाचलं, की मुलगी आगीपाशीच बसून राहिली, जन्मभर, आनंदानं. चांगली दहा मिनिटं वाचलं. बटणवालीनं डोळे पुसले.

मावशीचं मशीन थांबलं. "काय गं, पान कधी उलटणार?"

"मोठं पान आहे, मावशी."

"मला अक्षर कळत नाही, पान कळतं. एक पान उलटेपर्यंत माझे दोन शर्ट होतात. हा पाचवा."

वाचनताईचे कान लाल झाले. मग पत्र बाहेर आलं, आणि खरं काय तेही.

"म्हणजे तू शेवट मनचा रचलास?" कॉलरवाली ओरडली.

"तुमच्यासाठीच गं."

"आमच्या नावावर खपवू नकोस," मावशी म्हणाली. "कॉलरी शिवल्या त्या गोष्टीच्या हौसेनं. तुला खुंटीला बांधायला नाही. वाच आता, जे छापलंय ते."

छापलं होतं ते असं: मुलगी डोंगर उतरली, दारोदार गेली आणि विचारलं, घराघरानं एकेक दिवस आग राखली तर? लोक म्हणाले, राखू की. शंभर वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मुलीनं नाव पाण्यात लोटली.

"एवढ्यासाठी तीनशे पानं?" मावशी म्हणाली. "बरं, सोमवारी कोण वाचणार?"

कॉलरवालीनं भीत भीत हात वर केला. "मी जोडाक्षराला अडखळते पण."

"अडखळ खुशाल. एकच पुस्तक दोन वर्षं पुरेल!"

कापडाच्या टेबलावरच वाचनताईनं उत्तर लिहिलं.

"वाचून दाखव," मावशीनं फर्मावलं.

"मी येते आहे."

"आणि मागं काय लिहिलंस?"

वाचनताईनं कागद उलटून दाखवला. कोरा होता. मावशीनं तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, मान डोलावली आणि सहाव्या शर्टाला हात घातला.